दारी हत्ती झुलला असता

मराठीच्या प्राध्यापकाला लोक काय काय विचारतात, याची तुम्हांला कल्पना नसेल. नातवाचे नाव काय ठेवावे, लग्नपत्रिकेत 'आमचे येथे' लिहावे की 'आमच्या येथे', 'जेष्ठ' बरोबर की 'ज्येष्ठ', अशा प्रश्नांची मला सवय आहे. पण "सर, नळाच्या धंद्याला गाडी कोणती घ्यावी?" हा प्रश्न वीस वर्षांच्या नोकरीत मला मागल्या वर्षी प्रथमच विचारला गेला. विचारणारे होते आमचे मिस्त्री.

या सदराचे वाचक जाणतातच की, यंत्रांचे आणि माझे फारसे सख्य नाही. घरातला पंखा बंद पडला तर मी आधी पंख्याकडे पाहतो आणि मग सौभाग्यवतीकडे पाहतो. तेव्हा मी मिस्त्रींना प्रामाणिकपणे म्हणालो, "अहो, मला गाडीतले काय कळते?"

"कळत नाही म्हणूनच विचारतोय," मिस्त्री म्हणाले. "ज्याला कळतंय तो काहीतरी विकायलाच बसलाय."

यावर काय बोलणार?

मिस्त्री आमच्या मागच्या बोळात राहतात. पुण्याच्या पेठांतले जुने वाडे आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती या दोहोंच्या नळांची कुंडली त्यांना पाठ आहे. कोणत्या भिंतीत लोखंडी पाइप अजून जिवंत आहे आणि कोणता नुसता गंजाच्या आधाराने उभा आहे, हे ते बोटाच्या पेराने ठोकून सांगतात. सायकलच्या दांडीला पिशवी अडकवून त्यांनी धंदा सुरू केला. पुढे स्कूटर आली. 1972 साली आकुर्डीत जी चेतक बनू लागली, तिच्याच वंशातली ही. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव ल्यालेल्या त्या वाहनावर मिस्त्रींनी जे वाहिले, ते त्या घोड्याने कधी वाहिले नसेल. पायांत हत्यारांची पिशवी, हँडलला एल्बो-कपलिंगची थैली, मागे मुलगा, आणि मुलाच्या खांद्यावर शिडी. शिडीच्या दोन पायऱ्यांमधून त्याचे डोके बाहेर आलेले असे. ही मिरवणूक आम्ही पंधरा वर्षे पाहिली आणि हसलो.

त्या पावसाळ्यात मात्र हसू आटले. एका वळणावर शिडी टपरीच्या छपराला अडकली, स्कूटर एकीकडे आणि मिस्त्री दुसरीकडे. मनगट तीन आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिले. नळकारागिराचे उजवे मनगट म्हणजे गवयाचा गळा. मिस्त्रींच्या घरी ठरले, आता चार चाके.

पण कोणती चार चाके? येथून कथेला आरंभ होतो.

मिस्त्रींच्या मुलाचे मत ठाम होते. तो आय.टी.आय. झालेला, हाताचा चांगला, बोलायला तिखट. त्याला हवा होता 'छोटा हत्ती'. टाटांची एस ही गाडी 2005 साली आली, प्रथम पुण्यातच बनू लागली आणि लोकांनी तिचे बारसे परस्पर केले. दोन सिलिंडरचे इंजिन आणि पाऊण टनाची पाठ. भाजीपासून गणपतीपर्यंत सगळे त्यावरून जाऊ लागले. दारी हत्ती झुलावा ही मराठी माणसाची जुनी हौस. शिवाय हत्तीला हौदा लागतो आणि टेम्पोच्या मागच्या भागालाही आपण हौदाच म्हणतो, हे ऐकून माझ्यातला भाषेचा मास्तर सुखावला. मी त्या मुलाला 'टेम्पो' या शब्दाचीही जन्मकथा ऐकवली. टेम्पो हे हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या वाहनाचे नाव. 1958 साली फिरोदिया आणि बजाज यांनी तिच्याशी करार करून येथे बजाज टेम्पो काढली आणि पाहता पाहता ते विशेषनाम मराठीत सामान्यनाम होऊन बसले. मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, पण ॲव्हरेज किती देतो?"

एका रविवारी आम्ही तिघे एका दुकानात गेलो. दुकान कसले, काचेचा महालच. थंडगार हवा, गुळगुळीत फरशी, आणि टाय लावलेला एक हसतमुख तरुण. त्याने आम्हांला थंड पाणी दिले, मिस्त्रींना 'अंकल' म्हटले, आणि गाडीची किंमत सोडून सगळे सांगितले. किंमत विचारली की तो हप्ता सांगे. "फक्त सही करायची, सर. 5 लाख कर्ज, 5 वर्षं. 11 टक्क्यांनी हप्ता साधारण अकरा हजार. दिवसाला फक्त साडेतीनशे रुपये!" ते 'फक्त' त्याने इतक्या गोड आवाजात म्हटले की, क्षणभर मलाच एक हत्ती घ्यावासा वाटला. मिस्त्रींनी मात्र गाडीला हात लावला नाही. ते वाकून हौद्याची लांबी वितीने मोजत होते.

"सात फूट," ते बाहेर पडल्यावर म्हणाले. "आपला पाइप दहाचा."

मी ते बोलणे त्या वेळी सोडून दिले. त्यात सगळे मर्म होते हे नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पेशाला साजेसे काम केले, म्हणजे कागद घेतला आणि उभ्या-आडव्या रेघा मारल्या. एका बाजूला वाहने, दुसऱ्या बाजूला गुणदोष. तीनचाकी मालरिक्षा बोळात सहज वळते, स्वस्तही पडते. पण तिच्यात बसायला जागा एकट्या चालकाला, आणि मिस्त्रींना तर बापलेकांनी मिळून जायचे. विजेवर चालणारीचाही विचार झाला. आवाज नाही, धूर नाही, चालवायला स्वस्त. पण गाडी रात्री उभी राहणार बोळाच्या तोंडाशी आणि मिस्त्रींचा मीटर आहे दुसऱ्या मजल्यावर. तेवढी लांब वायर सोडली असती तर वाटेत निम्म्या बोळाने आपापले फोन लावून घेतले असते.

माझा तक्ता सुबक झाला, पण त्यातून निर्णय काही निघेना. तो निघाला रद्दीवाल्याच्या काट्यातून.

दसरा जवळ आला होता आणि घराघरांत झाडलोट चालू होती. रद्दीवाला आमच्या दारात आला, त्याच वेळी मिस्त्रीही आले. त्यांनी आपली पिशवी सहज त्याच्या काट्याला अडकवली. 18 किलो! मला कल्पना सुचली. म्हटले, तुमचा रोजचा सगळा संसार आणा, आपण तोलू. मुलाने आणला. पाइपपाने, छिन्न्या, हातोडे यांची ती पिशवी 18 किलो. भोके पाडायचे मशीन पेटीसह 6. लोखंडी पाइपाला आटे पाडायची डाय आणि तिचा दांडा 14. एल्बो, टी, कपलिंग, नळ, वॉशर यांचे दोन डबे 22. ॲल्युमिनियमची शिडी 9. एकूण 69 किलो! म्हणजे एका मध्यम प्राध्यापकाइतके. आणि त्यासाठी आम्ही पाऊण टनाची पाठ विकत घ्यायला निघालो होतो.

"टाकी? कमोड?" मुलगा म्हणाला.

"टाकी दुकानवाला पोचवतो," मिस्त्री म्हणाले. "लोखंडी पाइप वीस फुटी, तोही त्याच्याच टेम्पोतून येतो. आपल्याला न्यायचे ते प्लॅस्टिकचे, तीन मीटरचे. माल जड नाही पोरा, माल लांब आहे."

माल जड नाही, लांब आहे! वाचकहो, मी तीस वर्षे शब्दांच्या संगतीत आहे, पण नेमके बोलणे म्हणजे काय हे त्या वाक्याने मला शिकवले. दहा फुटी पाइप सात फुटी हौद्यात घातला की तीन फूट मागे लोंबणार. ते कायद्याला मान्य नाही आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यालाही नाही. तोच पाइप बंद गाडीच्या टपावर कॅरियर लावून, पुढे-मागे आवळून बांधला तर बिनघोर जातो. शिवाय उघड्या हौद्यातली हत्यारे रोज रात्री उतरवायची आणि सकाळी चढवायची. पाऊस आला की ताडपत्री. चोर आला की ताडपत्रीही जायची.

मग मिस्त्रींनी खिशातून आपली डायरी काढली. तिच्यात रोजची कामे आणि त्यांच्यापुढे फुल्या. "या फुल्या कसल्या?" मी विचारले.

"दुसरी खेप."

काम पाहायला जायचे, नळ उघडायचा, आणि मग कळते की हवा तो वॉशर, हव्या त्या मापाचा निपल जवळ नाही. पुन्हा दुकान. दहा रुपयांच्या वस्तूसाठी अर्धा-पाऊण तास. मागच्या आठवड्यात 23 कामे झाली होती आणि फुल्या होत्या 14. म्हणजे त्या आठवड्यात मिस्त्रींचे आठ-दहा तास नळ दुरुस्त करण्यात नव्हे, तर नळ उघडा टाकून रस्त्यावर गेले होते. स्कूटर माणसाला नेते, दुकानाला नेत नाही. मिस्त्रींना वाहन नको होते, त्यांना चाके लावलेले कपाट हवे होते.

येथे ही गोष्ट संपायला हवी होती. मी विजयी मुद्रेने माझ्या तक्त्यात 'बंद व्हॅन' असे लिहून त्याखाली दोन रेघाही मारल्या. पण त्या मुलाचा चेहरा उतरला होता.

"सर," तो म्हणाला, "व्हॅनमध्ये भाडं मारता येत नाही."

तेव्हा खरे काय ते बाहेर आले. त्याला हत्ती पाइपांसाठी नकोच होता. त्याला नळाचे काम सोडायचे होते. गाडी घ्यायची, सकाळी मंडईचे भाडे, दुपारी कोणाचे घरसामान, रात्री आणखी काही. हप्ता नळकामातून निघाला नाही, तर गाडी स्वतः काढील असा त्याचा हिशेब.

मिस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडीला अकरा हजार हप्ता, वर विमा, डिझेल, दुरुस्ती धरून पंधरा-सोळा हजार. पंचवीस दिवस कामाचे. रोज उठलं की सहाशे रुपये आधी तिच्या तोंडात घालायचे. नळाचं काम एखाद दिवशी नसतं. मग तू भाड्याला जाणार. भाड्याला गेलास की त्या दिवशीचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार. सहा महिन्यांत तू ड्रायव्हर होशील आणि माझी हत्यारं हौद्यात गंजतील. गाडी धंद्याला घ्यायची की धंदा गाडीला द्यायचा?"

मुलाचे उत्तर मला अजून आठवते. तो रागावला नव्हता.

"आबा, टेम्पोवाल्याला लोक भाडं विचारतात आणि देतात. आपण दोन तास मोरीत वाकून काम करतो आणि शेवटी लोक म्हणतात, 'एवढ्याशा कामाचे पाचशे? चारशे घ्या.' चाकाला जेवढा मान आहे तेवढा हाताला नाही. मी का राहू?"

मी चष्मा पुसू लागलो. आतून सौभाग्यवतीचा आवाज आला, "खरंय त्याचं. मागल्या महिन्यात हेच म्हणाले होते, चारशे घ्या." सत्य सांगण्याची ही पद्धत तिला फार पूर्वीपासून अवगत आहे.

ते खरे होते. मी पाचशेचे चारशे केले होते आणि वाचवलेल्या शंभरात त्याच संध्याकाळी एका मित्राबरोबर कॉफी प्यालो होतो. रिक्षा दारात उभी राहिली की तिच्या मीटरमध्ये काही रुपये आधीच उमटलेले असतात, त्याबद्दल आपण हुज्जत घालत नाही. डॉक्टर नुसती नाडी पाहतो, त्याची फी आपण निमूट ठेवतो. पण कारागीर घरापर्यंत आला, त्या येण्याला काही किंमत असते, हे आपल्या मध्यमवर्गीय मनाला पटत नाही. "नुसते पाहायलाच तर आलात!" म्हणून आपण त्याला चहा देतो आणि उदार झाल्याचे समाधान मानतो. मिस्त्रींना गाडी परवडते की नाही, हे त्या काचेच्या महालात ठरणार नव्हते. ते तुमच्याआमच्या उंबऱ्यावर ठरणार होते.

त्या रात्री आम्ही नवा हिशेब मांडला. जुनी बंद व्हॅन घेतली, थोडे स्वतःचे घालून 2 लाखांचे कर्ज काढले, तर 13 टक्क्यांनी 4 वर्षांचा हप्ता साडेपाच हजारांच्या आत. वरखर्च धरून रोजचे चारशे. दुसरी खेप निम्मी जरी वाचली तरी दिवसाला एक काम वाढते. आणि येण्याचे म्हणून प्रत्येक घरी 100 रुपये वेगळे, काम होवो न होवो. हा दर छापील पावतीवर. "लोक देतील?" मिस्त्रींनी विचारले. मी पाकीट काढले आणि मागल्या महिन्याचे शंभर पुढे केले. मुलगा प्रथमच हसला. म्हणाला, "एक वर्ष बघतो, आबा. जमलं नाही तर हत्ती."

मग जुन्या व्हॅनींचे दर्शन सुरू झाले. सरकत्या दाराची ही जात आपल्याकडे 1984 साली मारुतीने आणली. पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. हिंदी सिनेमाने तिचा उपयोग फक्त माणसे पळवण्यासाठी केला, पण अरुंद बोळात दार उघडायला जागा लागत नाही हा तिचा खरा गुण. तिची धाकटी बहीण ईको 2010 साली आली. तिचा नुसता मालाचा प्रकारही मिळतो, पुढे दोघांची बैठक आणि मागे बंद खोली. आम्ही तोच शोधत होतो.

गाडी तपासताना मिस्त्रींनी जे केले ते मी नळाच्या बाबतीत अनेकदा पाहिले होते. त्यांनी रंगाकडे पाहिलेच नाही. पायाखालचे रबर उचलून तळाचा पत्रा पेराने ठोकला. "इथं बद्द वाजतंय," म्हणत पहिली गाडी नाकारली. आत गंज, वर रंग. दुसरी विकणाऱ्याने आमच्या येण्याआधीच चालू करून ठेवली होती. मिस्त्रींनी बॉनेटला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "ही थंड झाल्यावर परत येतो." तापलेले इंजिन कोणतेही सुरू होते, खोड कळते ती सकाळच्या गार इंजिनात. तिसरी सगळ्या कसोट्यांना उतरली. तेव्हा कागद वाचण्याचे काम माझ्याकडे आले, आणि मला वाटले, अखेर माझ्या एम.ए.चा उपयोग झाला. आधीच्या मालकाचे कर्ज फिटून नोंदणीवरचा बँकेचा बोजा उतरला आहे का, विमा चालू आहे का, योग्यता प्रमाणपत्र कधीपर्यंत आहे, हे सगळे मी दोनदा वाचले. मालवाहू गाडीची ही तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावी लागते.

"पिवळी पाटी कशाला? पांढऱ्या पाटीची घरगुती व्हॅन घ्या, विमा कमी पडेल," असे सांगणारे हितचिंतकही भेटले. पण घरगुती म्हणून नोंदलेली गाडी धंद्याला जुंपायची आणि अपघात झाला की विमावाल्याने हात वर करायचे, हा धोका मिस्त्रींना नको होता. पिवळ्या पाटीचा बाऊही वाटतो तेवढा नाही. मालासह 3,000 किलोंच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आणि हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला साडेसात टनांखालचे मालवाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितले आणि 2024 च्या नोव्हेंबरात घटनापीठाने कायम केले.

खंडेनवमीला मिस्त्रींच्या घरी पूजा होती. पाटावर पाइपपाने, छिन्न्या, डाय, जुनी करवत ओळीने मांडलेली, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. गाडी बाहेर बोळाच्या तोंडाशी उभी होती. मला वाटले, आधी तिला हार. पण मिस्त्रींनी आधी सगळ्या हत्यारांना ओवाळले आणि मग तेच तबक घेऊन गाडीकडे गेले. "ही पण हत्यारच," ते मुलाला म्हणाले. "ओळीत शेवटची."

गाडीवर काय लिहायचे, हे मात्र मला विचारण्यात आले. मी 'नलिका-दुरुस्ती सेवा' असे सुचवले. मुलाने वहीत आदराने टिपून घेतले आणि रंगाऱ्याकडून लिहवून घेतले, 'नळाचं काम. सामान बरोबर आहे.' वर्षभर मी तो मजकूर रोज वाचतो आहे आणि त्यात मला बदलावासा वाटेल असा एकही शब्द नाही.

आता ही दिवाळी आली आहे. व्हॅनच्या आत फळ्या ठोकल्या आहेत, वॉशरपासून कपलिंगपर्यंत प्रत्येकाला खण आहे आणि टपावर शिडी व पाइप शेजारी शेजारी निजलेले असतात. डायरीतल्या फुल्या आठवड्याला तीन-चारवर आल्या आहेत. येण्याचे शंभर रुपये काही घरांनी कुरकुरत, काहींनी हसत, पण बहुतेकांनी दिले. दोन-चार घरे तुटली, ती मिस्त्रींनी मोजली नाहीत. मुलाचे वर्ष संपले. हत्तीचा विषय त्याने काढला नाही, आणि आम्हीही विचारला नाही. मात्र परवा त्याने मला हळूच विचारले की, दुसरी व्हॅन घेतली तर आबांना एकट्याने चालवायला जमेल का?

काल आमच्या मोरीतला नळ गळू लागला. बापलेक आले. मुलाने वॉशर काढला, गाडीतून नवा आणला, बसवला. दहा मिनिटांचे काम. "किती?" मी विचारले.

"कामाचे दीडशे, येण्याचे शंभर."

"अहो, पण तुम्ही तर मागच्याच बोळात..." माझ्या तोंडून निघून गेले.

सौभाग्यवतीने स्वयंपाकघरातून नुसते बाहेर डोकावून पाहिले. मी अडीचशे रुपये मोजून दिले आणि पावती मागून घेतली.